टॉर्चच्या सेलांवर पन्नास मिनिटं

मी एक डिजिटल कॅमेरा. धारच्या एका घरातल्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बोलतोय. शर्टाच्या खिशात मावेन एवढाच माझा जीव. अंगावरचा चंदेरी रंग कडांना उडालाय आणि लेन्स बाहेर काढताना हल्ली थोडी करकर होते. पण डोळा शाबूत आहे, आणि आठवणही.

माझा जन्म कोणत्या देशात झाला ते माझ्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय. मला मात्र आठवतं ते इंदूरचं एक दुकान आणि २००५ सालची दिवाळी. शैलाताईंच्या यजमानांनी मला तिथून घेतलं. ते पीथमपुरला एका कारखान्यात होते, शिफ्टच्या बसनं धारहून ये-जा करायचे. शैलाताई धारच्या हिंदी शाळेत शिकवायच्या. घरात पहिला कॅमेरा मीच. त्यामुळे पहिल्या दिवशी मला पाटावर ठेवून हळदकुंकू लावलं. एक बोट लेन्सवरही टेकलं. ते पुसताना शैलाताईंनी पदराचं टोक तोंडाच्या वाफेनं ओलसर केलं होतं. इतक्या हळुवारपणे पुढे मला कुणी पुसलं नाही.

माझ्या पोटात दोन पेन्सिल सेल बसतात. फोटो काढायचे असतील तर तेवढ्यावर माझं छान चालायचं. फोटो म्हणजे एक उडी मारली की झालं. व्हिडिओचं तसं नाही. व्हिडिओ म्हणजे न थांबता धावायचं. डोळा उघडा, मागचा पडदा उजळलेला, कान टवकारलेले, आणि सगळं बघितलेलं त्याच क्षणी कार्डावर लिहायचं. कार्ड शैलाताईंनी मोठं घेतलं होतं, त्यात जवळजवळ तासभर मावायचं. पण सेल दहा-बारा मिनिटांतच धापा टाकू लागायचे. पडद्यावर लाल खूण लुकलुकायची आणि मी आपोआप मिटून जायचो.

मग माणसं काय करतात ते मी पुष्कळ पाहिलंय. सेल काढून तळहातांत चोळतात. इकडचा तिकडे घालतात. कुणी उन्हात ठेवतो. थोड्या वेळानं घातले की मी पुन्हा उघडतो आणि खूण भरलेली दाखवतो. माणसं खूश होतात. मीही खोटं बोलत नसतो, मलाही तेव्हा तसंच वाटत असतं. पण ती ताकद टिकणारी नसते, हे आम्हा दोघांनाही उशिरा कळलं.

शैलाताईंचे वडील देवासला टेकडीच्या खालच्या बाजूला राहायचे. नाव शरच्चंद्र, पण सगळे त्यांना अण्णा म्हणत. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आवाज असा की वर्गाच्या शेवटच्या बाकावरचा पेंगणारा मुलगा जागा व्हायचा. देवासच्या मराठी घरांतलं लग्न ठरलं की मंगलाष्टकांसाठी पहिलं बोलावणं त्यांना जायचं. शैलाताईंच्या लग्नातली मंगलाष्टकं त्यांनी स्वतः रचली होती.

मी घरात आलो त्याच्या पुढच्या वर्षी पावसाळ्यापासून त्यांचा घसा बसलेला होता. काढे झाले, गुळण्या झाल्या. जानेवारीत इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गाठ स्वरयंत्रातच आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला आठ दिवस होते. तोवर शक्यतो बोलू नका, असंही त्यांनी बजावलं.

शैलाताईंनी शाळेतून रजा घेतली आणि मला पर्समध्ये घालून देवासला आल्या. अण्णांचा आवाज माझ्यात भरून ठेवायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. अण्णा आधी नको म्हणाले. मग म्हणाले, की लग्नातली मंगलाष्टकं तेवढी म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोट घालून, टोपी घालून खुर्चीत ताठ बसले. शैलाताईंनी मला तांदळाच्या डब्यावर ठेवलं. सेल आदल्या दिवशी फोटोंना वापरलेले होते, पण खूण भरलेली दिसत होती. त्यांनी बटण दाबलं.

अण्णांनी सुरुवात केली. आवाज मधेच फाटायचा, ते थांबून पाण्याचा घोट घ्यायचे, मान खाली घालून गिळायचे आणि पुन्हा त्याच ओळीवर यायचे. किती दुखत असेल ते मला जवळून दिसत होतं. आठांपैकी सात कडवी झाली. आठवं सुरू झालं आणि माझ्यातली ताकद संपली. व्हिडिओ झाला की तो कार्डावर नीट बंद करून ठेवावा लागतो, त्यालाही थोडा जोर लागतो. तेवढाही माझ्यात उरला नाही. मी मिटलो.

शैलाताईंनी धावत जाऊन नवे सेल आणले, मला उघडलं, शोधलं. माझ्याकडे काहीच नव्हतं. सातही कडवी गेली होती.

"अण्णा, काही उतरलं नाही," त्या म्हणाल्या.

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "असू दे," ते म्हणाले. "तुझ्या लग्नात तू ऐकलीस ना."

त्या संध्याकाळी त्यांच्या गळ्यातून नुसती हवा येत होती. शैलाताई स्वयंपाकघरात पाठ करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ वळल्या नाहीत. मी डब्यावर तसाच होतो. मला तेव्हा वाटलं, की मला कुणीतरी उचलून कपाटात टाकावं आणि पुन्हा काढू नये.

शैलाताईंनी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मला घेऊन मोरोपंतांकडे गेल्या. मोरोपंत म्हणजे अण्णांचे जुने स्नेही. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि रेडिओ संपत चालले तरी त्यांनी ते बंद केलं नव्हतं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी असं त्यांचं बोलणं. त्यांनी माझे कालचे सेल मीटरला लावले, मग ते घालून मला थोडं चालवलं, काढून पुन्हा मीटरला लावले, आणि मान हलवली.

"सेल मेला नाहीये ताई, थक गया है," ते म्हणाले. "थकलेला माणूस जरा बसला की ताजा दिसतो. पण त्याला टेकडी चढायला लावली की दुसऱ्याच पायरीवर बसतो. याला मोठे सेल पाहिजेत, टॉर्चचे."

टॉर्चचे जाडजूड सेल माझ्या पोटात मावणार कसे, हा शैलाताईंचा प्रश्न मलाही पडला होता. मोरोपंतांनी दोन दिवस मागून घेतले. त्यांनी लाकडाचे दोन गोल तुकडे तासले, बरोबर पेन्सिल सेलाच्या मापाचे. त्यांच्या टोकांना पितळी स्क्रू बसवले आणि स्क्रूला वायरी जोडल्या. माझं झाकण वायरींवर बंद होईना, तेव्हा त्याचा एक कोपरा कानशीनं घासून वाट करून दिली. घासताना ते धाकट्या भावाला समजवावं तसं माझ्याशी पुटपुटत होते, "बस हो गया भिया, हो गया." वायरींच्या दुसऱ्या टोकाला टॉर्चचे दोन नवे सेल, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं घट्ट बांधलेले. लाकूड माझ्या पोटात गेलं, बटण दाबलं, आणि माझ्यात अशी ताकद आली, जी मला जन्मल्यापासून ठाऊक नव्हती.

ऑपरेशनला दोन दिवस उरले असताना मोरोपंत दुपारी मला घेऊन घरी आले. गप्प राहिल्यामुळे अण्णांचा आवाज थोडा परतला होता. घोगरा होता, पण होता. शैलाताईंनी त्यांना काहीही म्हणायला सांगितलं नाही. मंगलाष्टकांचं तर नावच काढलं नाही. मोरोपंत नुसते म्हणाले, की जोडणी किती चालते ते बघायचंय, तुम्ही तुमचं काम करा.

अण्णांचं काम म्हणजे मटार सोलणं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ते बसले होते, अंगात जुना स्वेटर, टोपी नाही. मोरोपंतही शेंगा ओढून बसले. मी डब्यावरून बघत होतो.

पहिली काही मिनिटं अण्णा माझ्याकडे चोरून बघत होते, आता मिटतो की मग मिटतो म्हणून. मी मिटलो नाही. मग ते मला विसरले.

मोरोपंतांनी अण्णांच्या सरदारपुरच्या जुन्या नोकरीचा विषय काढला आणि अण्णा खुलले. त्यांचं शिक्षण सगळं मराठीत झालेलं, बाजारातली हिंदी यायची, पुस्तकातली नाही. सरदारपुरच्या शाळेत पहिल्याच दिवशी एक शेतकरी मुलाचा हात धरून आला आणि म्हणाला, मास्टरसाब, इसको अच्छी शिक्षा देना. अण्णांना वाटलं मुलाला मार द्यायला सांगतोय. त्यांनी घाबरून विचारलं, क्यों, इसने किया क्या है? हे सांगताना अण्णा स्वतःच हसले, हसताना खोकले, आणि मोरोपंतांनी डोळे पुसले. हिंदीतली शिक्षा म्हणजे आपलं शिक्षण, हे त्या शेतकऱ्यानंच मग त्यांना समजावून दिलं होतं म्हणे.

मी सगळं घेत होतो. शेंगा फुटल्याचा आवाज, वाटीत पडणारे दाणे, बाहेरून जाणारी भाजीची हातगाडी. अण्णांनी आत हाक मारली, "शैले, चहात आलं नको टाकूस, मोरोपंतांना चालत नाही." तीही घेतली. वीस मिनिटं झाली, तीस झाली, चाळीस झाली. टॉर्चचे सेल दमले नाहीत.

मग अण्णांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "हा अजून चालू आहे?"

"चालू है. और भी चलेगा," मोरोपंत म्हणाले.

अण्णा थोडा वेळ हातातली शेंग फिरवत राहिले. शैलाताई चहाचे पेले घेऊन दारात आल्या होत्या.

"शैले," अण्णा म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा तू दहावीत होतीस. घरात पोळ्या तू करायचीस. चांगल्या झाल्या असं मी कधी म्हटलं नाही. चांगल्या व्हायच्या. रोज चांगल्या व्हायच्या."

शैलाताई पेले खाली ठेवून माझ्याजवळ आल्या आणि बटण दाबलं. पन्नास मिनिटं झाली होती. माझ्यात भरपूर ताकद शिल्लक होती. मी तो व्हिडिओ अगदी सावकाश, नीट बंद केला आणि कार्डावर ठेवला.

ऑपरेशन चांगलं झालं. अण्णा वाचले. गळ्याला पुढून एक छोटं भोक राहिलं, त्यातून ते श्वास घेतात. शैलाताईंनी त्यांना धारला स्वतःकडे आणलं आणि बोलायला पाटी दिली. पण मला मात्र कुणी हात लावला नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून शैलाताई लावत नव्हत्या. लेकीला वाईट वाटेल म्हणून अण्णा मागत नव्हते. असे सात-आठ महिने गेले. मी कपाटात होतो.

एका दुपारी घरी अण्णा एकटेच होते. कपाट उघडलं. त्यांनी मला बाहेर काढलं, पेन्सिल सेल घातले, तेही आधी उलटे आणि मग सुलटे, आणि एकेक बटण दाबत तो व्हिडिओ शोधला. नुसतं दाखवायला मला फार जोर लागत नाही. पलंगावर बसून, मला कानाशी धरून, त्यांनी पन्नासच्या पन्नास मिनिटं ऐकली. पडद्याकडे त्यांनी जवळजवळ बघितलंच नाही. त्यांचा गाल माझ्या पाठीला टेकलेला होता.

शैलाताई शाळेतून आल्या तेव्हा मी पलंगावर उघडाच होतो. त्यांचा चेहरा पांढरा पडला. अण्णांनी पाटी त्यांच्यासमोर धरली. तिच्यावर लिहिलं होतं, "हा माणूस फार बोलतो."

शैलाताई आधी रडल्या की आधी हसल्या, ते मला नीट सांगता येणार नाही. अण्णांचे खांदे गदगदत होते, आवाज नव्हता, पण ते हसत होते. मग त्यांनी पाटी फडक्यानं पुसली आणि माझ्याकडे बोट दाखवून आणखी दोन शब्द लिहिले, "पुसू नकोस."

तेव्हापासून शैलाताई वापरून झालं की माझे सेल काढून ठेवतात. आत राहिले तर ते पाझरतात आणि कॅमेऱ्याचं पोट कुजतं, हे त्यांना मोरोपंतांनी सांगून ठेवलंय. म्हणून मी आज बोलू शकतोय. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद पडला असेल तर एवढं त्याच्यासाठी करा.

आता २००९ उजाडलंय. यजमानांच्या नव्या मोबाईलमध्येच कॅमेरा आहे, आणि तो बरा आहे. मला त्याचा राग नाही. मी हजारो फोटो काढले, त्यातले बरेचसे मलाही आठवत नाहीत. पण एका दुपारी मला पुरेशी ताकद मिळाली, समोर तसा माणूस होता आणि मी मधेच मिटलो नाही. कपाटातल्या अंधारात मला तेवढं पुरतं. ज्या हातांनी मला पुसलं आणि ज्या हातांनी लाकूड तासलं, त्यांचं भलं होवो.

शेजारच्या खोलीतून लेखणीचा आवाज येतोय. अण्णा कुणाला तरी काहीतरी सविस्तर लिहून सांगतायत, आणि पाटी पुरत नाहीये.