पडद्याची शेवटची घडी

“आई, तो पडदा ठेव बाजूला. बोलायचंय.”

“कान काय पडद्याला शिवलेत माझे? बोल की.”

सूनबाईनं बाळ्याला कोपरानं ढोसलं. म्हातारीला दिसत नाही, असा या घरात एक समज आहे. पडद्याच्या खालच्या कडेचे टाके सुटले होते, ते घालत मी मुद्दाम मान खाली ठेवली.

“त्या दुसऱ्या देशातली नोकरी पक्की झाली,” तो म्हणाला. “तिथं मला आणि हिला कायमचं राहता येईल.”

“आणि मी?”

“तुला आधी तात्पुरतंच. पुढचं मग बघू म्हणतात.”

“आणि इथं राहायचा परवाना?”

“तो माझ्या नोकरीवर आहे ना. मी सोडली की माझाही गेला, तुझाही.”

“म्हणजे मी तुझ्या शेपटाला बांधलेला डबा. तू पळालास की मी वाजणार.”

सूनबाईला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात धरला.

बाळ्या मात्र हसला नाही. “म्हणूनच मी उद्या त्यांना ‘नाही’ म्हणून कळवतोय. या वयात तुला आणखी एका परक्या मुलखात अधांतरी ठेवायचं नाही मला. इथं दर वर्षी परवान्यावर शिक्का मिळतोय, चाललंय की.”

सुई चालत होती, पण टाका कुठं पडतोय याकडे माझं लक्ष नव्हतं.

आम्ही या देशात आलो तेव्हा बाळ्या एवढासा होता. वर्षावर्षाच्या परवान्यावर राहायचं होतं. बेकरीच्या वरची खोली, तिला पंचाएवढी खिडकी. हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आले आणि आम्हाला घेऊन कापडाच्या दुकानात गेले. निळं कापड निवडलं आणि दुकानदाराला म्हणाले, “मापाच्या दुप्पट द्या.”

“अहो, खिडकीला पडदा शिवायचाय की परकर?” मी सगळ्यांसमोर विचारलं.

“हक्काचं घर होईल तेव्हा खिडकी मोठी असेल,” हे म्हणाले. “तेव्हा याला जोड मिळणार नाही, आणि तू माझं डोकं खाशील.”

दुकानदार हसला. मी फणकारले. पण घरी येऊन जास्तीचं कापड आत दुमडलं, घडीवर घडी, आणि कच्च्या टाक्यांनी धरून ठेवलं. एवढी वर्षं मी लोकांचे कपडे आखूड-लांब केले, पण घरात पक्की शिलाई म्हणून काही घातली नाही. भिंतीत खिळासुद्धा ठोकू दिला नाही. उद्या निघायचं झालं तर?

दुसरं घर बस डेपोसमोर. खिडकी थोडी लांब होती. एक घडी सोडली. तिसरं हे घर, आणखी एक सोडली. उन्हानं वरचा भाग विटून पांढुरका झाला, त्याखालचा फिका, त्याखालचा जरा बरा. पडदा बघितला की कुठल्या घरातला पट्टा कुठला, ते मला कळतं. डेपोच्या पट्ट्यावर चहाचा डाग आहे. यांनी एकदा हात पुसला होता. केवढं तोंडसुख घेतलं होतं मी! त्याच घरात हे गेले. तेव्हापासून पडदा धुताना तेवढा भाग मी चोळत नाही.

शेवटची घडी तशीच होती, आत. तिच्याकडे बघून मी कितीदा मनात म्हटलं असेल, दुप्पट घ्यायची काही गरज नव्हती हो.

“बाळ्या,” मी म्हटलं, “तुझा भित्रेपणा माझ्या नावावर खपवायचा नाही. जायचं नसेल तर स्वतःच्या तोंडानं सांग.”

“मला जायचंय. पण तुला भीती नाही वाटत?”

“वाटते तर! इथली भाजीवाली निदान माझ्याशी भांडते. तिकडं माझ्याशी कोण भांडणार?”

“मी आहे ना, आई,” सूनबाई म्हणाली.

“तू? तुला अजून पुष्कळ शिकायचंय.” मग बाळ्याकडे वळले. “अधांतरी राहायची मला आता सवय आहे. पण तुझं आयुष्यसुद्धा शिक्क्याची वाट बघण्यात जावं, यासाठी तुझे वडील नाही राबले. उद्या हो म्हणून कळव.”

तो उठून खिडकीपाशी गेला आणि तिथं उगाच उभा राहिला.

“तिकडच्या घराची खिडकी केवढी आहे?” मी सूनबाईला विचारलं.

तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. “मोठी आहे, आई. पार जमिनीपर्यंत.”

मी कात्री घेतली. घडीचा एक टाका कापून दोरा ओढला. कच्चे टाके ते, सरसर निघाले. आतलं कापड दुकानात होतं तसंच होतं, गडद निळं. इस्त्री फिरवली, पण घडीची रेघ काही गेली नाही.

निघायला अजून अवकाश होता, म्हणून पडदा परत इथल्या खिडकीला लावला. नवी पट्टी जमिनीवर लोळू लागली. सकाळी सूनबाई केर काढत होती. तिनं ती पट्टी एका हातात उचलून धरली, खालचं झाडून घेतलं आणि पुन्हा अलगद खाली सोडली.