ब्रामवॉसच्या पाटीवरची चिखलरेघ

मी इंग्लंडमधल्या ब्रामवॉस गावाची जुनी, ठेंगणी लाकडी पाटी आहे, मित्रांनो. नदीच्या पुलाजवळ उभी असते. येणारेजाणारे "काय देखणी!" म्हणतात, तेव्हा मला मान खाली घालावीशी वाटते. पण पाटीला मान कुठली?

ओकच्या लाकडातून मला घडवले, तेव्हा माझ्यावर काय रंगवायचे यावरून सभा भरली. निवृत्त शिक्षिका थिर्झाबाई म्हणाल्या, "पाणी रंगवा. जुन्या इंग्रजीत 'ब्राम' म्हणजे पिवळ्या फुलांचं झुडूप आणि 'वॉस' म्हणजे नदीचं पाणी बघता बघता चढतं ती सखल जमीन."

"अहो बाई, वेशीवर चिखल रंगवून सुंदर गावाचं बक्षीस मिळतं का?" अध्यक्ष हॉकिंगसाहेब म्हणाले. "त्यापेक्षा शूर सरदार ब्राम रंगवू."

"असा सरदार कधी झालाच नाही!"

"मग आता होईल!"

सगळे हसले, पुन्हा चहा ओतला गेला. माझ्या अंगावर पांढऱ्या घोड्यावरचा सरदार आला. बक्षीसही मिळाले.

खालच्या कुरणात पूर्वी फक्त गाई चरत. लोक नावाचा अर्थ विसरले, तशी तिथे घरे उठली. लॉर्ना नावाची परिचारिका छोट्या पेगला घेऊन घर पाहायला आली. "बघ गं, गावाला सरदार आहे. आता कसली भीती?" ती लेकीला म्हणाली. तिला सावध करणारे पाणी माझ्या अंगावर नव्हते.

एका फेब्रुवारीत नदी चढली. मायलेकींना माडीच्या खिडकीतून होडीत उतरवले. त्यांच्या खुर्च्या माझ्यासमोरून तरंगत गेल्या.

पूर ओसरल्यावर हॉकिंगसाहेब बादली घेऊन मला पुसायला आले. घोड्याच्या पोटावर चिखलाची रेघ उमटली होती.

"राहू द्या ती," लॉर्ना म्हणाली.

"पण उन्हाळ्यात स्पर्धा आहे हो!"

"परीक्षकांना दिसू दे. घर घ्यायला येणाऱ्यांना तर दिसलीच पाहिजे."

साहेबांनी थिर्झाबाईंकडे पाहिले.

"मी काही बोलले नाही हं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी बादली गटारात ओतली.

मित्रांनो, तुमच्या गावाचे नाव ठेवणाऱ्यांनी तिथले पाऊसपाणी पाहिलेले असते. त्या नावाला नवी झूल चढवण्याआधी ते काय सांगते, ते कुणा जाणत्याला विचारा.

लॉर्ना आता टेकडीवरच्या घरात राहते. शाळेतून येताना पेग माझ्याजवळ थांबते आणि टाचा उंचावून आपली उंची त्या रेघेशी लावून बघते. अजून तिचे डोके रेघेच्या खालीच आहे.