निरगाठ

"आजी, गुदगुदी होती है ना!" रेवतीच्या पाठीवरून श्रेया खिदळली.

"हलू नकोस गं बाई," स्नेहलताबाई म्हणाल्या. त्यांनी शेला नातीच्या काखेखालून घेतला, रेवतीच्या खांद्यावरून ओढला आणि छातीवर आणून थांबल्या. इथे सरगाठ मारायची, एका ओढीत सुटणारी. आजवर शेकडो वेळा मारलेली. पण आजवर त्या शेल्यात कापसाची बाहुली असायची. आज पाच वर्षांची नात होती.

झाशीला आलेला पाहुणा दिवसा किल्ला बघतो, ओरछ्याला जाऊन येतो आणि संध्याकाळी काय करायचं म्हणून या सभागृहात येतो. इथे त्याला राणीची उडी बघायला मिळते. राणी झालेली रेवती पाठीवर मूल बांधून लाकडी बुरुजावर चढते, नगारा वाजतो, ती उडी घेते आणि त्याच क्षणी सगळे दिवे जातात. अंधारात ती खालच्या गाद्यांवर पडते. टाळ्यांचा कडकडाट होतो. गावातल्याच दतिया गेटजवळ राहणाऱ्या स्नेहलताबाई इथे नऊवारी नेसवतात आणि पाठीवर मूल बांधतात. सभागृहात नऊवारी नेसवता येणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे त्यांचा मान होता. पगार मानापेक्षा बराच कमी होता.

दिल्लीहून आलेल्या नव्या दिग्दर्शकाला, मुकुलजींना, बाहुली खटकली. पाहुणे मोबाइलवर चित्रण करतात, त्यात ती खोटी दिसते म्हणे. त्यांनी खरं मूल मागितलं, आणि स्नेहलताबाईंच्या मुलाने, निशांतने, आपली पोर देऊ केली. "आई, तुम भी ना! गद्दे हैं नीचे. पेपर में फोटो आएगी," असं हसून म्हणाला आणि आता पहिल्या रांगेत मोबाइल सरसावून बसला होता. बाईंनी मुकुलजींनाही सांगून पाहिलं. ते गोड हसले. माणूस वाईट नव्हता. त्याला स्वतःला उडी मारायची नव्हती, इतकंच.

"मावशी," रेवती पुटपुटली, "मेरा घुटना आज फिर सूजा है."

गेल्या महिन्यात अंधारात रेवतीचा पाय चुकला होता आणि ती गादीच्या कडेवर आदळली होती. बाहुली तिच्याखाली सापडून मान उसवली होती, कापूस बाहेर आला होता. लोकांनी तेव्हाही टाळ्या वाजवल्या. काम जाईल म्हणून रेवतीने गुडघा लपवला, आणि तिच्यासाठी बाईंनी गुपचूप मान शिवली. तेव्हापासून डोळे मिटले की त्यांना ती मान दिसायची, आणि आठवडाभर तिच्या जागी श्रेयाची दिसत होती.

बाहेर दुसरी घंटा झाली.

"थांब," त्या म्हणाल्या. "शेला सरकतोय. आधी माझ्या पाठीवर बांधून बघते."

त्यांनी श्रेयाला रेवतीच्या पाठीवरून उतरवून स्वतःच्या पाठीवर घेतलं. पोरीचा गरम श्वास मानेवर आला. त्यांनी शेला छातीवर आणला, आणि सरगाठीच्या जागी एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी, मग दोन्ही टोकं सगळं बळ लावून खेचली. निरगाठ बसली, जुन्या पोत्याच्या तोंडाला असते तशी.

मुकुलजी दारातून ओरडले, "माताजी, अभी तक बच्ची आपके पास? खोलिए!"

"नहीं खुल रही," स्नेहलताबाई म्हणाल्या.

मुकुलजींनी आत येऊन स्वतः गाठ ओढून पाहिली. ती आणखीच आवळली. "कैंची लाओ कोई!" बाईंनी दोन्ही हात मागे नेऊन पोरीला घट्ट धरलं आणि भिंतीला टेकल्या. पळायचं तर कुठे पळणार? त्यांना भयंकर भीती वाटत होती, मुकुलजींची, निशांतची, उद्याची. पण त्या भिंतीपासून हलल्या नाहीत.

तिसरी घंटा झाली. रेवतीने कोपऱ्यातली बाहुली उचलली, स्वतःच कशीबशी पाठीला बांधली आणि बाहेर गेली.

"कल से मत आइएगा," मुकुलजी म्हणाले आणि तिच्यामागे धावले.

बाईंनी आता गाठ सोडवायला घेतली, तर ती इतकी आवळली होती की खरोखरच सुटेना. "आजी, उतारो ना," श्रेया रडवेली झाली. बाहेर नगारा सुरू झाला. बाई देवाचं नाव घ्यायला गेल्या आणि त्यांना एकही आठवेना. नगारा थांबला. धप्प असा आवाज झाला, जरा तिरका. मग टाळ्या.

बऱ्याच वेळाने रेवती भिंत धरत, लंगडत आत आली. तिने बाहुली टेबलावर ठेवली. मान लोंबत होती. मग रेवतीने खाली वाकून दातांनी गाठ सैल केली. शेला पडला, श्रेया खाली उतरली, तरी बाईंचे हात मागे तसेच धरलेले होते.

"लेप लाव गुडघ्याला," त्या भानावर येत म्हणाल्या. "आणि मला सुईत दोरा ओवून दे."

"अब किसलिए, मावशी? आपको तो निकाल दिया."

"उद्या कुणीही बांधो. बाहुली धड असली, तर कुणाचं पोर मागणार नाहीत."

बाहेर निशांत कुणाशी तरी चढ्या आवाजात बोलत होता. बाईंनी मानेतला कापूस आत सारला आणि दुहेरी दोऱ्याने शिवायला घेतलं. श्रेया मांडीला टेकून बघत होती.

"आजी, गुड़िया को लगी?"

"हो," स्नेहलताबाई म्हणाल्या. दोरा दातांनी तोडून त्यांनी बाहुली खुर्चीवर ताठ बसवली, आणि नातीचा हात धरून मागच्या दाराने बाहेर पडल्या.