गप्प झालेलं मशीन

“बोलू नको, बोलू नको! सोमवार हाय, माहीत हाय मले,” कंपाउंडच्या भिंतीवरून वाटी पुढे करत शेजारच्या शकुनबाई म्हणाल्या. “साबुदाना हाय. दिवा लावल्यावर खाजो. मान त हालवशीन ना माय!”

चंद्रकांताने हसून मान हलवली आणि वाटी घेतली.

“अन् तुया त्या कामाचं? आज साहेब पास करनार होता ना?”

चंद्रकांताने चार बोटं दाखवली.

“चार वाजता? अन् तू मुकी बसनार? बापा बापा! लगन तुयं, अन् नवरीच मांडवात बोलनार नाही. महादेवाले म्हना, आजच्या दिवस सुट्टी दे.”

चंद्रकांताने कानाला हात लावला. शकुनबाई स्वतःशीच बोलत घरात गेल्या.

सोमवारचं मौन मुळात तिच्या आईचं. सकाळच्या पूजेपासून दिवेलागणीपर्यंत गोदावरीबाई एक अक्षर बोलत नसत. त्या वारल्या तेव्हा श्रावण अर्धा उरला होता. उरलेले सोमवार चंद्रकांताने पूर्ण केले आणि मग ते तिच्याकडून सुटलेच नाहीत. आईचं एवढं एकच काम घरात अजून चालू होतं. एकटीच्या घरात मौन पाळायला काय लागतं, असं लोक म्हणत. पण इतर दिवशी कोणी आलं तर बोलू, एवढी तरी आशा असे. सोमवारी तीही देवापाशी ठेवून द्यावी लागे.

पुण्याच्या एका कंपनीचं काम ती तुमसरच्या या घरातून करत असे. दुसऱ्यांची हजारो मशीनं दूर कुठेतरी चालतात. त्यांच्यावर नजर ठेवणं हा कंपनीचा धंदा. ग्राहकाचा प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरला प्रश्न विचारी आणि उत्तरादाखल यादी मिळे. पण एका प्रश्नात एकच अट घालता येई. शकुनबाई मात्र किराणावाल्या तेजरामला सहज सांगत, “तांदूळ नवा असन अन् तुकडा कमी असन त दे, नाहीतर जुना दे, पन वास मारनारा नको.” असा गुंतागुंतीचा प्रश्न मशीनलाही एका दमात विचारता यावा, यासाठी चंद्रकांताने सारा उन्हाळा घातला होता. अट अटीला जोडायची, वगळायची, कंसात कंस घालायचा. सगळं जमलं होतं.

वाद होता तो शेवटच्या एका अटीवरून: ज्या मशीनांकडून काहीच आलेलं नाही, तीही दाखव. बंद पडलेलं मशीन तक्रार करत नाही, म्हणून ते तक्रारींच्या यादीत येतच नाही. तिचे साहेब मनिष सर यांना ही अट महाग वाटत होती. कोण कोण बोलायला हवं होतं, हे सर्व्हरने सतत ध्यानात ठेवायचं म्हणजे मोठाच भार. आज ती अट राहणार की जाणार, एवढंच ठरायचं होतं.

ऑनलाइन मीटिंग खरं तर मंगळवारी होती. ती एक दिवस अलीकडे आली तेव्हा चंद्रकांताने तक्रार केली नाही. सोमवारी ती बोलत नाही, लिहूनच कळवते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“चंद्रकांता मॅडम आहेत? हां, आल्या. सुरू करू,” मनिष सर म्हणाले.

पहिले मुद्दे भराभर मंजूर झाले. मग ती अट आली. चंद्रकांताने सकाळीच जुळवून ठेवलेली वाक्यं लिहायला घेतली, आणि पंखा थांबला. समोरच्या राइस मिलचा आवाजही खाली बसत गेला. लाइट गेली होती. तिने घाईने मोबाइल जोडायला घेतला. रेंज येई, जाई. ‘सर, ही अट काढू नका’ हे वाक्य पडद्यावर तसंच अडकून राहिलं. ती अंगणात गेली, गच्चीच्या जिन्यावर चढली, परत आली.

लाइट आली आणि ती पुन्हा जोडली गेली, तेव्हा मनिष सर म्हणत होते, “...तर ही पुढच्या वर्षी बघू. मॅडमचीही हरकत दिसत नाही. खुशबू, पुढचा मुद्दा घे.”

चंद्रकांताने पुन्हा लिहायला घेतलं. मग हात थांबला. तिने माइकचं बटण दाबलं.

“मी नव्हती इथं.”

सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला.

“मॅडम? तुम्ही बोलताय? आज सोमवार ना?”

“लाइट गेली होती. मी कधी गेली, सांगता येईन काय कोणाले?”

टीममधली खुशबू हळूच म्हणाली, “मला वाटलं, मौन आहे म्हणून...”

“हो ना. तुमच्या यादीत मी ठीकच होते.” तिने श्वास घेतला. “ग्राहकाचं असंच होईल, सर. कोण अडचणीत आहे, असं तो विचारेल. यादी रिकामी येईल. तो निवांत राहील.”

“पण भार केवढा पडेल?”

“सगळी मशीनं ध्यानात ठेवायला नकोतच. ग्राहक ज्यांची नावं देईल, तेवढीच ठेवू.”

मनिष सरांनी आकडे पुटपुटत हिशेब केला. “ठीक आहे. एवढं झेपेल. ठेवू या.”

खुशबूने टाळ्यांचं चित्र पाठवलं. कोणीतरी म्हणालं, “मॅडम, आता इन्व्हर्टर घ्याच!” सगळे हसले. मग एकेक चौकट मिटत गेली आणि पडद्यावर तिचा एकटीचाच चेहरा उरला.

तिची अट टिकली होती. बाहेर अजून ऊन होतं, आणि आईचा सोमवार मोडला होता.

फाटक वाजलं. शकुनबाई अनवाणीच आत आल्या. हात कोपरापर्यंत कणकेने भरलेले, धाप लागलेली.

“काय झालं वं? तुया आवाज आयकू आला मले!”

“काही नाही काकू. कामाचं होतं.”

“मी म्हनलं, सोमवारी हे पोरगी बोलली म्हंजे...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तिच्याकडे नीट पाहिलं. “मोडलं काय?”

“मोडलं.”

शकुनबाई दाराच्या उंबऱ्याशी टेकल्या आणि बोटांवरची वाळायला लागलेली कणीक नखाने काढत बसल्या. चंद्रकांताही त्यांच्या बाजूला येऊन बसली. शेजारून, शकुनबाईंच्या चुलीवर काहीतरी करपत असल्याचा वास येत होता. दोघींनाही तो येत होता. शकुनबाई उठल्या नाहीत.