शिवेवर गेलेली बिंदगी

मित्रांनो, मी एक बिंदगी, जुनी मातीची घागर आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, माझ्यात आंबील भरून मला शेतात नेतात. माझ्या पोटावर चुन्याचे आणि कावेचे पट्टे होते, ते आता पुसट झालेत. काठाचा एक टवका उडालाय. नवी भांडी त्याला हसतात, पण मी तो टवका दागिन्यासारखा मिरवते. तो कसा उडाला, हीच माझी गोष्ट आहे.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. औरादच्या कुंभाराने मला घडवलं आणि बाजाराच्या दिवशी राजूबाईने मला विकत घेतलं. ती सावरगावच्या उद्धवराव पाटलांची बायको. तिने बोटाने टिचकी मारून माझा आवाज ऐकला आणि खुदकन हसली. "माझ्या शकूवानी खणखणीत बोलायलीय ही," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

शकू ही तिची लेक. ती ओढ्यापल्याड गुंजाळ्याला दिली होती, तिथल्या श्रीपतराव पाटलांच्या मुलाला. दोन्ही गावांचं ओढ्याकाठच्या गायरानावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण होतं. पण ते रीतीने चालायचं. भांडण झालं की दोन्ही पाटील काठावर बसायचे, एकमेकांच्या चंचीतली तंबाखू खायचे, आवाज चढवायचे आणि काहीतरी ठरवून उठायचे. दर येळवशीला शकू माहेरी यायची आणि मला डोक्यावर घेऊन तीच शेतात जायची.

एका वर्षी श्रीपतरावांना काय बुद्धी झाली कोण जाणे. त्यांनी बाहेरून बंदूकवाले रोहिले आणून शिवेवर बसवले. झालं! बोलणंच संपलं. तंबाखू बंद झाली, निरोप रोहिल्यांच्या जमादारातर्फे येऊ लागले. शेजारची गावं आधी आमच्या बाजूने बोलायची, तीही आता "बघू, बघू" म्हणत मान खाजवू लागली. गंमत अशी की, श्रीपतरावसुद्धा जमादाराला विचारल्याशिवाय कशालाच हो म्हणेनात. बंदूक भाड्याने आणली आणि जीभ गहाण पडली, असं लोक हसून म्हणायचे. पण मनातून सगळ्यांची पाचावर धारण बसली होती.

आमच्या गावातही चावडीवर एकच विषय चालला. त्यांनी रोहिले आणले, मग आपण भाड्याचे अरब शिपाई आणू! उद्धवरावही डळमळले. येळवशीच्या आदल्या दिवशी ते घरात म्हणाले, "न्हाई आणले तर गायरान जातंय."

राजूबाई मला नव्याने रंगवत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "आणा की. अरब आले का माझ्या शकूचं माहेर बंद झालं म्हणून समजा. औंदा रोहिल्यांपायी ते तिला धाडनात, पुढं तुमीच आणू देनार न्हाई."

 ठरलं ते इतकंच, की येळवस होऊ द्यायची आणि मग अरब आणायला शहरात माणूस पाठवायचा.

दुसऱ्या दिवशी सावरगाव रिकामं झालं. येळवशीला गावात राहतंच कोण? बायांच्या डोक्यावर माझ्यासारख्या बिंदग्या, पुरुषांच्या खांद्यावर घोंगड्या, पोरांचा आरडाओरडा. पाटलांचं शेत ओढ्याला लागून होतं. आमची ही वरात तिकडे निघालेली पाहून रोहिल्यांना वाटलं, गाव चालून आलं! त्यांना बिचाऱ्यांना येळवस काय ठाऊक? जमादाराने आभाळात बार काढला. कावळे उडाले, माणसं जागच्या जागी थिजली.

राजूबाई मात्र थांबली नाही. मला डोक्यावर घेऊन ती सरळ ओढा ओलांडून गेली. माझ्यातली आंबील डचमळत होती.

"कामून बार काढलास रं बाबा?" तिने विचारलं. "आज येळवस हाय. शिवारात कुनी उपाशी ऱ्हात न्हाई. जेवलास का?"

जमादाराने बंदूक खाली केली. त्याचा चेहरा सुकला होता. "अम्मा, सुबू से रोटी नई आई," तो म्हणाला. "पूरा गाँव खाली है."

गुंजाळेही आपापल्या शेतात आंबील पीत बसलं होतं आणि राखणदारांना भाकरी न्यायचं सगळे विसरले होते! राजूबाई खदखदून हसली. जमादाराने अदबीने मला तिच्या डोक्यावरून उतरवलं आणि घाईत दगडावर ठेवलं. तेव्हाच माझा टवका उडाला. मग बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे आले, डाळी-पालेभाज्यांची भज्जी आली आणि रोहिले लोट्यांवर लोटे आंबील प्यायले. आंबील पोटात गेली की माणसाला भांडण सुचत नाही, झोप सुचते. ते आडवे होण्याच्या बेतात होते.

तेवढ्यात बार ऐकून श्रीपतराव धावत आले. घोंगडी घसरलेली, हातात अर्धा उंडा. "हे काय चालवलंस? उचल ती बंदूक!" ते ओरडले.

जमादाराने मिशीवरची आंबील पुसली. "पाटील साब, इनका नमक खाया. अब इनपे नई उठती."

 राजूबाईने पदर सावरला आणि लोटा पुढे केला. "बसा, इवाई. आज कुनी बोलावलं तर न्हाई म्हनत नस्तेत."

आणि ते बसले. काय करतील? येळवशीचं बोलावणं कुणी मोडत नाही. दोन घोट घेऊन त्यांनी खाली मान घातली. "शकूनं सकाळधरनं तोंडाला आंबील लावली न्हाई," ते म्हणाले. "थांबा, मीच घेऊन येतो तिला."

शकू आली ती पळतच. तिने आधी आईला मिठी मारली, मग मला डोक्यावर घेतलं. उद्धवरावांनी चंची सोडली आणि गायरानाचं बोलणं पुन्हा सुरू झालं, अगदी आवाज चढवून! मला इतका आनंद झाला की काय सांगू. रोहिले पुढच्या बाजारालाच निरोप घेऊन गेले आणि अरबांचं नावही कुणी काढलं नाही.

पुढे घरात पितळी हंडा आला. मी गोठ्याच्या वळचणीला पडले, माझ्यात कोंबडी अंडी घालू लागली. वाईट वाटलं. पण शकूने मला तिथून उचललं, धुतलं आणि गुंजाळ्याला नेलं. आता येळवशीला ती मला भरते आणि ओढा ओलांडून माहेरच्या शेतात आणते.

मित्रांनो, टवका उडाला म्हणून जुनं भांडं फेकू नका. आणि शेजाऱ्याच्या शिवेवर परकी बंदूक दिसली, तर आपली आणायला धावण्याआधी त्या बंदूकवाल्याला एकदा विचारा, "जेवलास का?"