आईचे गुडघे

सहलीला निघायचं म्हटलं की घराघरांत कामं वाटली जातात. गाडी कोण चालवणार, डबे कोण भरणार, फोटो कोण काढणार. आणि एक काम कुणाला न विचारताच वाटलेलं असतं: सामानाजवळ कोण बसणार? या घरात ते काम आईचं होतं.

आई शिवणकाम करायची. मुलगा विमा कंपनीत अधिकारी, सून शिक्षिका, नात नववीत. चौघं दरवर्षी कुठे ना कुठे जात. गाडी थांबली की मुलगा म्हणायचा, "आई, तू बस निवांत. तुझे गुडघे." आई म्हणायची, "हो रे, या तुम्ही जाऊन." मग पिशव्यांच्या मधोमध ती अशी बसायची, जणू तीही एक पिशवीच.

यंदा डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान ठरलं आणि सोबत मावशी आली. आईची धाकटी बहीण, पोस्टातून निवृत्त झालेली, एक घाव दोन तुकडे करणारी. मुलानं बेत पक्का आखला होता. फाटक बंद व्हायच्या आत पाच ठिकाणं उरकायची.

पहिल्या ठिकाणी धबधबा होता. गाडी लावून तो म्हणाला, "आई, मावशी, तुम्ही दोघी बसा निवांत. आम्ही आलोच."

"बसायचंच असतं तर घरीच बसले असते," मावशी बुटाची नाडी आवळत म्हणाली. "चल गं ताई."

"तिचे गुडघे दुखतात, मावशी."

"कधीपासून? दिवसभर उभी राहून कापड बेतते. तीन जिने चढून माझ्याकडे येते. तुमच्या गाडीतच बरे दुखतात!"

मुलानं आईकडे पाहिलं. आई उगाच पिशवीची चेन उघडझाप करत होती.

"अरे, ही तान्ही असताना गाडीत झोपायची," नातीकडे बोट दाखवत ती शेवटी म्हणाली. "कुणीतरी जवळ बसायला हवं होतं. सूनबाई 'मीच बसते' म्हणत होती. एवढ्या हौसेनं आलेली पोर. म्हणून मी गुडघ्यांचं नाव पुढे केलं. पुढे ही मोठी झाली, पण तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही बोलले नाही."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..." सून तिच्याजवळ येत म्हणाली.

"मला सगळीकडचे वाहनतळ तोंडपाठ आहेत," आई हसून म्हणाली. मावशीसुद्धा हसली नाही.

मुलगा मनाचा वाईट नव्हता, पण कामं उरकायची सवय अंगात मुरलेली. "आई आली तर हवंच आहे, पण मग पाचही ठिकाणं होणार नाहीत," तो म्हणाला.

"नाही झाली तर कुणी पगार कापणार आहे का तुझा?" मावशी म्हणाली. "अरे, बरोबर तर पिशवीसुद्धा येते. माणसाला बरोबर आणलंस, तर त्याला काय हवंय ते विचारायला नको?"

तेवढ्यात नातीनंच विचारलं, "आजी, तुला काय बघायचंय?"

"एखादा कडा," आई लगेच म्हणाली. उत्तर तयारच होतं. "तुमच्या फोटोंत असतो तसा. तिथे उभं राहून पलीकडे काय आहे ते बघायचंय."

दर सहलीनंतर आपण हौसेनं दाखवलेले फोटो मुलाला आठवले. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं पिशव्या डिकीत टाकल्या आणि कुलूप लावलं. एवढं सोपं होतं ते!

पाच ठिकाणांची दोन झाली. धबधब्याचे तुषार अंगावर घेऊन सगळे कड्याच्या वाटेला लागले. आई हळू चालत होती, पण दमली म्हणून नव्हे. कुठे खोडावरचं शेवाळ हातानं चाचपून बघ, कुठे पक्ष्याची टकटक ऐकायला थांब, असं तिचं चाललं होतं. तिच्यामुळे बाकीचेही थांबले, आणि कधी नव्हे ते रमले.

कड्याच्या कठड्याला धरून आई उभी राहिली. पलीकडे डोंगरांमागे डोंगर होते, त्यांच्यावरून ढगांच्या सावल्या सरकत होत्या. मुलानं फोन काढला.

"थांब रे," आई म्हणाली, "आधी बघू दे मला."

त्यानं फोन खिशात ठेवला आणि तो तिच्या शेजारी उभा राहिला.

मंडळी, "माझं काय, तुम्ही जा" म्हणणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं. आपल्याला ते सोयीचं असतं, म्हणून आपण ते खरं मानतो. पुन्हा एकदा विचारा. आणि बरोबर न्यायचंच असेल, तर कड्यापर्यंत न्या.