दोन तासांचा नाताळ

"आता थेट सोमवारी म्हणतोय," बाबांनी फोन खिशात टाकला. "सिलिंडरवाल्याला नाताळची सुट्टी. आहे त्या एकातच शनिवार-रविवार भागवायचे."

"भागवू की," आई म्हणाली. "हवं तर मीटर बसवा माझ्या नाकाला."

घरी आईच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं विजेवर चालणारं मशीन होतं. ते रात्रंदिवस घरघरत असे. बाहेर पडायचं तर मांडीवर घ्यायचा छोटा सिलिंडर, भरलेला असला की दोन तास पुरणारा. बाबांनी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त केले होते. त्यांनी कागदावर गणित मांडून निकाल दिला. शनिवारी मैदानावरचा नाताळबाजार आणि झाडाची रोषणाई, एक तास. रविवारी तिथेच चर्चच्या कॉयरचं गाणं, एक तास.

त्या कॉयरमध्ये आई एकतीस वर्षं गायली. बाबांनी तिला एकदाही ऐकलं नाही. सणाला लोक पाणी जास्त वापरतात, पंप बसला तर कोण बघणार, म्हणून दर नाताळात ते ड्यूटी मागून घेत. "माझी सवत पंपघरात राहते," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. निवृत्त झाल्यावर ते ऐकायला जाणार होते, तर त्याच वर्षी आईच्या फुप्फुसांनी राजीनामा दिला. या वर्षी ती त्यांना सोबत घेऊन जाणार होती. गायला नव्हे, ऐकवायला.

शनिवारी गणित बिघडलं. विणलेल्या मोज्यांच्या दुकानात आईने घासाघीस केली, मोजे घेतले नाहीत ते नाहीतच. मग झाडाचे दिवे लागेनात. तारेत कुठेतरी बिघाड होता. दिवे लागल्याशिवाय आई हलेना.

"अहो, पाचच मिनिटं."

"तुझी ही चौथी पाच मिनिटं आहेत."

दिवे लागले तेव्हा ती लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला गेली आणि खोकत राहिली.

रविवारी बाबांनी सिलिंडरचा काटा पाहिला. "चाळीस मिनिटं. जायला बारा, यायला बारा. तुझ्या गाण्याला उरली सोळा."

"दोनच तर गाणी आहेत. होतात सोळा मिनिटांत."

बरोबर पाचला आम्ही मैदानावर होतो. मी आईच्या चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लावला. व्यासपीठावर कॉयर उभा होता. दुसऱ्या रांगेत, आईच्या जागेवर, चष्मेवाली एक मुलगी होती.

"खांदे उचलून श्वास घेतेय बघ," आई माझ्या कानाशी आली. "दुसऱ्या ओळीतच दमणार."

तेवढ्यात निवेदकाने प्रमुख पाहुण्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली.

पाहुण्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. आधी त्यांनी मंडळाचे आभार मानले, मग मंडपवाल्याचे, मग हवेचे. कागद उलटला तर मागेही लिहिलेलं होतं. मला हसू आलं. बाबांकडे पाहिलं आणि ते विरलं.

बाबा ताठ झाले होते. मान थोडी तिरकी, पंपाचा आवाज ऐकताना असायची तशी.

"आवाज बंद झाला," ते म्हणाले.

मला तर कर्ण्याशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी वाकून आईची शाल बाजूला केली. सिलिंडरची चावी बंद होती. वर आईचा हात.

"हे काय चाललंय?"

"याच्या भाषणापायी... कशाला जाळायचा?" आईला एका दमात बोलता येत नव्हतं. "गाणं सुरू झालं... की उघडीन."

"हात काढ."

"आख्खी नोकरी... थांबले मी तुमच्यासाठी. तुम्ही... एवढं थांबा."

तिचे ओठ जांभळे पडले होते. बाबांनी एकेक बोट उचलून तिचा हात बाजूला केला, चावी उघडली, ब्रेक सोडला आणि खुर्ची फिरवली.

"बाबा, दोन मिनिटं थांबू या ना. संपतंच आलंय भाषण."

"तेरा मिनिटं उरलीत. घर बारा मिनिटांवर."

फाटकाशी पोचलो आणि मागून टाळ्या आल्या. मग पेटीचा पहिला सूर. मग सगळ्यांचा मिळून एकच आवाज.

"अहो, थांबा."

बाबा थांबले नाहीत. ते चालत होते ते पळायला लागले. आईने मागे वळून पाहायचा प्रयत्न केला, पण नळी पुरेना. बंद दुकानांच्या कोपऱ्यावर वळलो आणि गाणं तुटलं.

घराच्या दारात काटा शून्यावर होता. मशीनची नळी लावल्यावर आईच्या नखांना हळूहळू रंग आला. तिने भिंतीकडे तोंड केलं. पाणी विचारलं, नको. उशी विचारली, नको.

बाबांनी खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं. पण मैदान दूर होतं आणि खोलीत मशीनची घरघर. ती तर बंद करता येत नव्हती. त्यांनी खिडकी लावून घेतली.

मग मला दिसलं, पांघरुणावर आईचं एक बोट ताल धरत होतं. हळू, पण न चुकता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाबा पलंगाच्या पायथ्याशी येऊन त्या बोटाकडे बघत राहिले. पापणी न लवता, चौतीस वर्षं काट्यांकडे बघितलं तसं.

बोट थांबलं.

बाबांनी शर्ट सारखा केला आणि टाळ्या वाजवल्या. त्यांचे जाड तळवे एकमेकांवर नीट बसत नव्हते.

"अजून एक कडवं आहे," आई भिंतीकडे बघतच म्हणाली.

बाबांनी हात खाली घेतले आणि तसेच उभे राहिले.